दोनशे चौदाचा खिळा

"वहिनी, एवढंच लिहून द्या. तो मेला नाही, निघून गेला," मुकादम म्हणाला आणि त्याने कोरा कागद टेबलावर ठेवला.

लॅम्परूमवाली हातातला दिवा पुसत राहिली. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला दिवा आणि पितळी बिल्ला तीच देत असे. माणूस वर आला की बिल्ला परत आपल्या नंबरच्या खिळ्यावर. पाळी संपली आणि खिळा रिकामा दिसला, तर तो माणूस अजून खाली आहे असं समजायचं. या खाणीत माणसापेक्षा बिल्ल्यावर जास्त विश्वास ठेवत.

नऊ वर्षांपूर्वी चौथ्या बोगद्याचं छत कोसळलं, तेव्हा सगळे बिल्ले परत आले. दोनशे चौदा तेवढा आला नाही. तो तिच्या नवऱ्याचा होता. ढिगारा उपसणं जिवावरचं काम, म्हणून बोगद्याच्या तोंडाशी भिंत बांधली आणि तिच्यावर त्याचा नंबर रंगवला. मृताची बायको म्हणून तिला ही नोकरी मिळाली.

आता शहरात धातू वितळवण्याची मोठी भट्टी येणार होती. म्हणजे, आली तर येणार होती. शर्यतीत दोनच शहरं उरली होती, एक हे आणि दुसरं तिकडचं बंदर. खनिज इथलं, पाणी इथलं, हातही इथलेच. पण भट्टी उभारणाऱ्या कंपनीची एक अट आडवी आली. गेल्या दहा वर्षांत शहराच्या कामांवर कुणी दगावलेलं नको. दगावलेला एकच होता, आणि दहाला एक वर्ष कमी पडत होतं.

"तुम्ही त्यांचे मित्र ना, भाऊजी? एका डब्यात जेवायचात."

मुकादमाने नजर चुकवली. "मेलेल्याचं आता काय बिघडणार, वहिनी? पोरीचं बघा."

नेमकं दुखतं तिथेच त्याने बोट ठेवलं होतं. लेकीचं नुकतं एकोणिसावं संपलं होतं आणि पुढच्या महिन्यात ती खाणीत कामाला उतरणार होती. भट्टी आली तर तिला प्रयोगशाळेत घेऊ, असा शब्द भट्टीसाठी धडपडणाऱ्या शहराच्या समितीने दिला होता. म्हणजे जमिनीच्या वर, उजेडात.

तीन दिवस कागद कोराच राहिला. चौथ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, बाबांबद्दल असलं काही लिहू नकोस. मी जाते ना खाली. सगळेच जातात."

हे ऐकलं आणि तिने लिहायचं ठरवलं.

कंपनीचा तपासनीस तरुण होता, चष्म्याआडून रोखून बघायचा. मुकादम शेजारी बसून होता.

"कुठे गेले असतील?"

"बंदरावर," ती म्हणाली. तोंडाला येईल ते तिने सांगितलं. नवऱ्याने एकदा समुद्र बघायचा आहे असं म्हटलेलं तिला आठवत होतं.

"एकटेच?"

मुकादम खोकला.

"बाई होती."

"तिचं नाव?"

"माहीत नाही. माझ्यासारखी नसणार."

"आणि बिल्ला?"

"खिशात घालून गेला असेल. त्या गडबडीत कोण बघतंय?"

"मग नऊ वर्षं गप्प का राहिलात?"

"लाज वाटत होती." वाटत तर होतीच, पण ती आत्ता. तपासनिसाने सगळं लिहून घेतलं आणि तिने सही केली.

दुसऱ्याच दिवशी भिंतीवरच्या नंबरावर चुना फिरला. गल्लीत तिला कालपर्यंत मान होता. खाणीने जिचा माणूस नेला, तिच्यासाठी नळावरही जागा करून देत. आता ती टाकलेली बाई झाली. शेजारीण हनुवटीवर बोट ठेवून म्हणाली, "मला तर बाई तेव्हाच वाटलं होतं!" लोकांना काही ना काही तेव्हाच वाटलेलं असतं.

तिला रडू आलं नाही, संताप आला. मित्राने गळा कापला होता, शहराने हात धुऊन घेतले होते. पण सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचा आला. खाणीने त्याला एकदा गाडलं होतं, आता तिने पुन्हा गाडलं होतं. रोज पाळी सुरू व्हायच्या आधी ती त्या पांढऱ्या भिंतीपाशी जायची आणि हळूच म्हणायची, "माफ करा. पोरीसाठी केलं. तुम्ही असतात तर तुम्हीही हेच केलं असतंत."

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, भोंगा वाजला. अपघाताचा नव्हे, आनंदाचा. लेक धावत लॅम्परूममध्ये आली आणि आईच्या गळ्यात पडली. "आपलीच निवड झाली, आई! भट्टी इथेच!"

मागोमाग मुकादम आला, आणि त्याच्यामागे तपासनीस. मुकादमाचा चेहरा मात्र चुन्याहून पांढरा पडला होता.

"बाई, खरं सांगतो, तुमच्या जबानीवर माझा विश्वास नव्हता," तपासनीस मोकळेपणाने म्हणाला. "समितीने पढवून पाठवलंय, असंच वाटलं. म्हणून मी स्वतः बंदरावर गेलो."

खोटं उघडं पडलं असेल तर भट्टी कशी मिळाली, हे तिला कळेना.

"तुमची माफी मागायला हवी. तुम्ही शब्दन् शब्द खरं सांगितलंत." त्याने एक कागद पुढे केला. खाली सही होती. लग्नाच्या नोंदीत तिच्या सहीशेजारी होती, तीच. "धक्क्यावर क्रेन चालवतात. बायको आहे, दोन मुलगे आहेत. आढेवेढे न घेता लिहून दिलं त्यांनी. फक्त एकच गोष्ट राहून राहून विचारत होते, की तिला हे सांगितलं कुणी?"