पातेल्यावरची तिसरी घंटा

पातेल्यावर कालथा आपटून मी दोन घंटा दिल्या. खरी घंटा नाट्यगृहात होती आणि नाट्यगृहाला तीन वर्षं नगरपालिकेचं कुलूप होतं. ते उघडावं म्हणून आज आमच्या कासार गल्लीने रस्ता अडवून जत्राच मांडली होती. एका टोकाला वडे, मधे घरोघरच्या खुर्च्या आणि दुसऱ्या टोकाला चादरींचा पडदा लावून आमचं नाटक.

"तिसरी देऊ नका, बाई," आमचे सेक्रेटरी बिडकर म्हणाले. "नगराध्यक्ष अजून यायचेत. आधी त्यांचा सत्कार, भाषण, मग नाटक. कुलूप त्यांच्याच सहीने निघणार आहे."

"सात वाजले," मी म्हटलं आणि तिसरी घंटा दिली. तिच्यानंतर नाटक कुणासाठीही थांबत नाही, हे मी त्याच नाट्यगृहात शिकले होते.

दुसऱ्या प्रवेशात नगराध्यक्ष आले. पुढे एकही खुर्ची रिकामी नव्हती, म्हणून ते वड्यांच्या टेबलापाशीच उभे राहिले. हार आणि माइक घेऊन बिडकर धावले.

"साहेब, दोन मिनिटं नाटक थांबवतो."

माइक चालू होता. सगळ्या गल्लीने ते ऐकलं, मीही. पण मी संवाद सोडला नाही.

नगराध्यक्षांनी एक पालथं खोकं ओढलं, त्यावर बसले आणि बिडकरांची बाही धरून त्यांनाही खाली बसवलं.

"गप बसा हो," माइकमधून त्यांचा आवाज आला. "तिसरी घंटा झालीय."

मी पुढचं वाक्य जरा सावकाशच म्हटलं.