उजव्या बुटाचं ठिगळ

हिरामणच्या उजव्या बुटावर चामड्याचं ठिगळ होतं. चाळीस वर्षं त्याच पायाने मोटारसायकलचा गिअर टाकल्यामुळे दर जोडातला उजवा बूट झिजायचा आणि बायको, मालती, ठिगळ लावून आणायची. ती मोटारसायकल भंगारात गेली, म्हणून आज तो मालतीला मागे बसवून जुन्या धाटणीची नवी क्रूझर चालवून बघत होता. ठेंगणी सीट, गोल हेडलाइट, ओळखीची धडधड. पामबीच रोडवर तो इतका रमला की हिचा गिअर डावीकडे आहे हेच विसरला. सवयीने उजवा पाय दाबला, करकचून ब्रेक लागला आणि मालती त्याच्या पाठीवर आदळली. शोरूममध्ये त्याने चावी परत केली. "गाडी झकास हाय. पन ह्या डाव्या पायाला आता नवीन कोन शिकवनार?" संध्याकाळी मालती मोच्याकडून बूट घेऊन आली. डाव्यावरही नवंकोरं ठिगळ होतं.