डावीकडे दबलेल्या सीट

सायकलची कातडी सीट नवी असताना लाकडासारखी टणक असते. पैसेवाल्यांच्या बुडाला ते सोसत नाही, म्हणून कारखान्यात सीट मऊ करून द्यायला एक माणूस ठेवला होता. सीटला खालून तेल चोळायचं, ती स्टँडवरच्या सायकलला बसवायची आणि आठ तास जागच्या जागी पायडल मारायचं, हे त्याचं काम.

त्या दिवशी मालकाने गिऱ्हाइकांनी परत पाठवलेल्या पाच सीट त्याच्यापुढे आदळल्या.

"बघ! पाचही डावीकडे दबल्यात. सरळ बसता येत नाही तुला?"

"मालक, उजवीकडे गळू झालंय. म्हणून कलून बसत होतो. दोन दिवस सुट्टी मागितली होती ना तुमच्याकडे..."

"बाकीचे दिवसभर उभं राहून राबतात. तू बसल्या जागी पगार खातोस, आणि वर सुट्टी? आता एक जरी सीट वाकडी निघाली, तर कायमचा घरी!"

हँडल धरून त्याने सायकलवर टांग टाकली, डोळे मिटले आणि हळूहळू टेकला.

"नाही निघणार, मालक," तो म्हणाला. "कालपासून डावीकडेही गळू आलंय. आता सरळच बसतो."