वापरलेले फ्रॉक

पिवळ्या फ्रॉकचा हुक ओढून पाहिला, तो पक्का निघाला, तेव्हा कुठे लतिकानं घडी घातली. धुऊन धुऊन कापड मऊ पडलं होतं, रंगही जरासा उतरला होता. खिसे उलटे करून झाले, मोज्यांच्या जोड्या लावून झाल्या. सगळं इस्त्री करून तिनं पिशवीत भरलं आणि महाराजपूरहून ऑटोनं बालगृह गाठलं.

व्यवस्थापिका सरोजिनीबाई व्हरांड्यातच बसल्या होत्या.

"या जी. आत्ताच एक साहेब पोतं टाकून गेले. उघडलं तर फाटक्या बनियनी! अनाथ लेकरू म्हणून काहीही चालते काय?" त्यांनी फ्रॉकवरून हात फिरवला. "आणि हे पहा. तुमची मुलगी लई जपून वापरते."

"आपल्या लेकराला घालू, तेच द्यावं माणसानं," लतिका म्हणाली. तिची नजर अंगणात फिरून आली. "ऋचा दिसत नाही?"

"अरे, तुम्हाला सांगायचंच राहिलं! तिला दत्तक घेतलं. परवाच घेऊन गेले. मोठी चांगली माणसं आहेत." सरोजिनीबाई हसल्या. "तुमचे कपडे तिला मापून शिवल्यासारखे बसायचे. जातानाही तुम्ही दिलेलाच फ्रॉक घातला पोरीनं."

लतिकानं खांबाला हात टेकला.

"रडली?"

"थोडीशी. मग गाडीतून टाटा करत राहिली."

"कुठल्या गावी?"

"ते कोणालाच सांगता येत नाही जी. काहून?"

"असंच."

"बसा, चहा करून राहिले मी. आणि पुढच्या खेपेला तुमच्या मुलीलाही आणा. पोरींना कपडे देणारी ताई दिसू द्या."

"आणते," म्हणत लतिका जायला वळली. चहा नको म्हणाली.

फाटकाबाहेर ऑटोवाल्यानं विचारलं, "कहाँ चलना है दीदी?" तिच्या तोंडातून सवयीचंच निघालं, "कमानिया गेट."

तिथल्या बाजारातला कपड्यांचा दुकानदार तिला पाहताच उठला. "आइए दीदी! बिटिया तो बड़ी हो गई होगी. एक साइज बड़ा निकालूँ?"

त्यानं कोरे करकरीत फ्रॉक समोर पसरले. लतिकानं एकाचा हुक ओढून पाहिला.

"हाँ," ती म्हणाली. "बड़ा ही दीजिए."

लतिकाच्या घरी मूल नव्हतं; कोरे फ्रॉक धुऊन धुऊन तीच ते वापरल्यासारखे करायची. पोटची एकुलती एक पोर तिनं ओल्या बाळंतपणातच त्या बालगृहाच्या पाळण्यात ठेवली होती, आणि तिचं नाव ऋचा आहे, हेसुद्धा तिला सरोजिनीबाईंकडूनच कळलं होतं.