शेजारधर्म

पत्नीच्या वर्षश्राद्धाचं पान दामोदरपंतांनी लंडनमधल्या मुलाच्या परसात, भिंतीवर ठेवलं आणि ते दोन पावलं मागे सरले. भात, वडा, वर तिच्या आवडीची खीर. कावळा शिवला की ती जेवली म्हणायची.

शेजारच्या मार्गारेटबाईंनी झाडाला दाण्यांचा पिंजरा टांगला होता. चिमण्यांनी आत शिरून खावं, पण कावळ्याची चोच पोचू नये, अशी त्याची जाळी. कावळे चोर असतात, असं त्यांनी पंतांच्या मुलाला सांगितलं होतं.

छपरावर एक कावळा होता. ठार काळा, मानेला राखाडी रंगच नाही. याला मराठी कळेल का, असं पंतांच्या मनात येऊन गेलं. तरी हात जोडून ते पुटपुटले, "तुझ्या बहिणीची विचारपूस करीन. गोळ्या वेळेवर घेईन."

कावळा हलला नाही.

"बाबा, आत या आता, गारठाल," मुलाने दारातून हाक मारली.

वर्षभर मनात ठेवलेलं शेवटी बाहेर आलं. "तुला दुखणं अंगावर काढायला लावलं मी. चुकलो गं."

कावळा भिंतीवर उतरला. मान तिरकी करून त्याने पानाकडे पाहिलं, चोच खाली नेली.

तेवढ्यात शेजारची खिडकी उघडली आणि मार्गारेटबाईंनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. कावळा उडाला तो दिसेनासाच झाला. बाई पानाकडे बोट दाखवून समाधानाने हसल्या. पंतांचं जेवण त्यांनी वाचवलं होतं.

पंतांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. येत होतं तेवढं ते बोलले.

"थँक यू."