फ्रिजमधली आंबील

"फ्रिजमधल्या कॅनला हात लावू नकोस. बार्लीची आंबील आहे, डॉक्टरांनी सांगितलीय," हेरंबनं आईला बजावलं होतं. खरं तर ती त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच केलेली लागर बिअर होती. महिनाभर गारठ्यातच मुरायला हवी होती.

तेराव्या दिवशी दुपारी तो घरी आला, तर फ्रिजमध्ये मेथीच्या जुड्या! कॅन गोधडीत गुंडाळून गॅलरीतल्या उन्हात ठेवलेला, झाकणातून फेस उतू चाललेला.

पण ओरडणार कोणत्या तोंडानं?

"अरे, फ्रिजमध्ये इडलीचं पीठ तरी फुगतं का?" आई म्हणाली. "बारा दिवस ढिम्म! शेवटी मीच उबेला ठेवलं."

तो फेस पुसू लागला.

"आणि आंबील म्हणे! तुझ्या बाबांनीही द्राक्षांचं 'औषध' केलं होतं. तेही याच गोधडीत आंबलं."