पड आणि पडीक

"तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. चुकून नाही, जाणूनबुजून."

बसायला सांगूनही शेतकरीण बसली नव्हती. टेबलापलीकडे जमिनीचं मूल्यांकन करणारे साहेब होते. त्यांच्या शेजारी वरच्या मॅडम, पेन उघडून. मॅडमची सही झाली की तिचं शेत शहराच्या कचरा डेपोला जाणार होतं. पिकाऊ जमीन घ्यायची नाही, पडीक घ्यायची, असा नियम. साहेबांनी पडीक लिहिलं होतं. आणि कागदावर रुजलेला शब्द नांगर घालूनही निघत नाही.

"जाणूनबुजून कशाला लिहितील?" मॅडम म्हणाल्या. "साहेबांचा या जमिनीशी काडीचा संबंध नाही. तसं त्यांनी लिहून दिलंय. नात्यागोत्यातला माणूस आम्ही पाठवतच नाही."

साहेब खिडकीबाहेर बघत होते. शेत बघायला आले तेव्हाही ते असेच भलतीकडे बघत होते. येणाऱ्याजाणाऱ्याची पोटरी धरणारा म्हातारा कुत्रा त्यांच्या पायाशी लोळला, तेव्हा त्यांनी त्याला बुटाने बाजूला सारलं होतं. शेतकरीण काही बोलली नव्हती. खुरपणीच्या बायका कुजबुजायला लागल्या तर तिने डोळे वटारून त्यांना गप्प केलं होतं. तिला वाटलं होतं, हा माणूस खरं लिहील.

"एकदा वाचून तरी दाखवा," ती म्हणाली.

साहेबांनी वाचलं. आर्थिक मूल्य: उत्पन्न नाही. सामाजिक मूल्य: जमिनीवर कोणी अवलंबून नाही. पर्यावरणीय मूल्य: माजलेलं तण, दखल घेण्याजोगं काही नाही.

"कोणी अवलंबून नाही म्हणे," मागच्या बाकावरून एक खुरपणीवाली बोलली. "मग आम्ही काय वारा पिऊन जगतो?"

"आणि त्या तणात तितराची अंडी आहेत," तिच्या शेजारची म्हणाली. "तिथं पाणी मुरतं म्हणून खालच्या वस्तीच्या विहिरी उन्हाळा काढतात. कचरा ओतल्यावर घेणार का दखल?"

"हे बघा, साहेब पडले शहरातले," मॅडमनी सावरून घेतलं. "शेतीतलं बारीकसारीक त्यांना कसं कळणार?"

"पड टाकली होती, मॅडम," शेतकरीण म्हणाली. "जमीन दमते. एक वर्ष काही न पेरता तिला निजू द्यायचं, त्याला पड म्हणतात. निजलेल्या माणसाला कोणी मेला म्हणून लिहितं का? रविवारी दुपारी साहेबही लोळत असतील. मग तेही पडीक?"

अख्खा बाक हसला. साहेबांचे कान लाल झाले.

"बाई, नाटकं पुरे," ते म्हणाले. "गवत आहे, पीक नाही. त्याला पडीकच म्हणतात."

शेतकरीण मॅडमकडे वळली. मग तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"साहेबांचं बरोबर आहे, मॅडम. दोष आमचाच. आमचं घराणंच आळशी. एक वर्ष पेरायचं आणि एक वर्ष बांधावर तंगड्या पसरून बसायचं. सासऱ्यांपासून हीच रीत. वर्षाआड पड."

"वर्षाआड?" साहेब ताडकन उठले. "वर्षाआड कधी टाकली पड? तीन वर्षं पिकवून चौथ्या वर्षी. दादाने जन्मात कधी ते चुकवलं नाही. आळशी कोणाला म्हणतेस?"

बाकावरचं हसू थांबलं. साहेबांचा हात हवेत तसाच राहिला होता.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. जमिनीच्या कागदावरचं आडनाव वाचलं, मग टेबलावरची साहेबांच्या नावाची पाटी. आडनाव एकच होतं. निम्म्या मुलखाचं तेच, म्हणून आजवर कोणी मनावर घेतलं नव्हतं.

"कोण दादा?" त्यांनी विचारलं.

साहेब खुर्ची चाचपत खाली बसले. पुन्हा खिडकीकडे वळले.

शेतकरणीने समोरची खुर्ची पुढे ओढली आणि ती पहिल्यांदाच बसली, अगदी ऐसपैस, आपल्या घरी बसावं तशी.

"बोला की, भावजी," ती म्हणाली. "मॅडम विचारतायत. कोण दादा?"